शंभर फॉर्म मागणाऱ्या मार्गदर्शकांना

प्रति,
गोव्यातील महाविद्यालयांत आणि विद्यापीठ विभागांत समाजशास्त्र, समाजकार्य व अर्थशास्त्र शिकवणारे संशोधन मार्गदर्शक प्राध्यापक,

सप्रेम नमस्कार.

आधी माझी ओळख देते. मुलाखत घ्यायला गेलं की पहिली दोन मिनिटं आपलीच मुलाखत होते, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मी डिचोलीची. सरकारी मराठी प्राथमिक शाळांत बत्तीस वर्षं शिकवलं. शिक्षक म्हणजे सरकारच्या हाताशी कायम असलेली माणसं, त्यामुळे 1991, 2001 आणि 2011 अशा तीन जनगणनांत प्रगणक म्हणून दारोदार हिंडले. मध्ये कधीतरी बाहेरून समाजशास्त्रात एम.ए. केलं. निवृत्तीनंतर घरात बसवेना, म्हणून दोन-तीन संस्थांच्या सर्वेक्षणांत आधी अन्वेषक आणि मग सुपरवायझर म्हणून काम केलं. वाड्यावर मला अजून कुणी टीचर म्हणतं, कुणी सर्व्हेवाली बाय. दुसरं नाव मला जास्त आवडतं.

पत्राचं निमित्त माझी भाची. तिच्या परवानगीनंच लिहिते आहे. तिचं कॉलेज कुठलं आणि मार्गदर्शक कोण, ते सांगणार नाही. एक तर ते सांगून तिचं भलं होणार नाही, आणि दुसरं म्हणजे तीच गोष्ट मी आता चार वेगवेगळ्या मुलांकडून ऐकली आहे.

तिच्या लघुप्रबंधाचा विषय होता, खाणी बंद झाल्यावर डिचोलीच्या खाणपट्ट्यातल्या बायकांच्या कामात काय फरक पडला. खाणबंदी हा शब्द आम्ही एकवचनी वापरतो, पण ती दोनदा झाली. 2012 च्या सप्टेंबरात राज्य सरकारनं आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं काम थांबवलं. 2014 च्या एप्रिलमध्ये वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली. आणि 7 फेब्रुवारी 2018 च्या निकालानं 88 लीजांचं नूतनीकरण रद्द होऊन मार्चच्या मध्यावर पुन्हा सगळं ठप्प झालं. दारात उभ्या राहिलेल्या टिपर ट्रकांच्या टायरांतून गवत उगवलेलं आम्ही सगळ्यांनी पाहिलं. त्या ट्रकामागच्या स्वयंपाकघरात काय चाललं होतं, ते पोरीला पाहायचं होतं.

मार्च ते मे, काजूच्या हंगामात, ती चौदा बायकांकडे जात राहिली. पहिल्या भेटीत प्रत्येकीनं तिला तेच सांगितलं जे कुठल्याही अधिकाऱ्याला सांगतात: खाण बंद, हाल झाले, सरकारनं बघायला पाहिजे. काही घरांत तर ती वही काढायच्या आतच प्रश्न आला, "हो कसलो फॉर्म? कितले पयशे मेळटले?" यात त्या बायकांची काही चूक नाही. मदतीच्या योजनांचे इतके अर्ज भरून झाले होते की कागद घेऊन आलेलं माणूस म्हणजे योजना, हे समीकरण पक्कं झालं होतं. तिसऱ्या-चौथ्या भेटीत ती वही पिशवीत ठेवून त्यांच्याबरोबर बोंडूपासून, म्हणजे काजूच्या फळापासून, बी वेगळी करायला बसली. हात गुंतलेले असले की तोंड मोकळं होतं. रसानं बोटं काळी झाली आणि मग एकेक गोष्ट बाहेर आली. काही घरांत ट्रक बायकोच्या नावावर होता, कारण नवऱ्याच्या नावावर आधीच एक कर्ज होतं. त्यामुळे थकलेल्या हप्त्याची नोटीस यायची ती बायकोच्या नावानं. ती वाचायला मुलाकडे द्यायची की लपवायची, इथून घरातली भांडणं सुरू. मंगळसूत्र गळ्यात, बाकीचं "भांगर सोसायटींत आसा". म्हणजे सोनं गहाण. हे सासूला माहीत, माहेरी माहीत नाही.

पोरगी खुशीत मार्गदर्शकांकडे गेली. ते म्हणाले, "चौदा म्हणजे सॅम्पल झालं का? ह्या गोष्टी झाल्या. डेटा कुठे आहे? निदान शंभर फॉर्म भरून आण."

तिनं गूगल फॉर्म केला. व्हॉट्सॲपवर सोडला. आठ दिवसांत 112 उत्तरं आली. मडगावातून आली, म्हापशातून आली, एक बेळगावहून आलं. बहुतेक भरणारी तिच्या मैत्रिणींच्या वयाची, हातात स्मार्टफोन असलेली, पदवी घेतलेली किंवा घेत असलेली. खाणपट्ट्यातल्या बायकांच्या कामाबद्दल ज्यांनी मत दिलं, त्यांतल्या कितीजणांनी खनिजाची लाल धूळ पाहिली होती कोण जाणे. पण लाल-निळी-पिवळी वर्तुळं निघाली, प्रकरण चार तयार झालं आणि शेरा मिळाला: आता संशोधनासारखं दिसतं.

आता ही बाई आकड्यांच्या विरुद्ध बोलणार, असं तुम्हाला वाटलं असेल तर थांबा. माझा आकड्यांवर विश्वास आहे, आणि तो तुमच्यापेक्षा जरा जास्तच असावा, कारण आकडा कसा तयार होतो ते मी हातानं केलेलं आहे. तुमच्याकडे तो टेबलात बसून येतो. माझ्यासमोर तो सोप्यावर, कुत्रं भुंकत असताना आणि आत कुकरची शिट्टी होत असताना जन्माला यायचा.

एक प्रसंग सांगते. सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणाच्या व्याख्या घेऊन एका संस्थेनं पाहणी केली, तिच्यात मी होते. सत्तरी तालुक्यातलं एक घर. पन्नाशीची बाई, दारात सुपात तांदूळ निवडत बसलेली. मी विचारलं, काय काम करता? उत्तर आलं, "कांयच करिना गे, घरांतच आसतां." इथं माझं पेन 92 लिहायला तयार. 92 म्हणजे फक्त घरकाम. त्या एका आकड्यानं ती बाई देशाच्या श्रमबलाबाहेर जाते. सोबतच्या नव्या मुलानं तेवढ्यात पुढचा प्रश्न काढलासुद्धा. मी त्याला थांबवलं आणि त्या बाईला विचारलं, कुळागर (नारळ-सुपारीची बाग) कुणाचं? आमचंच. सुपारी कोण गोळा करतं? हांवच. काजूच्या दिवसांत? सकाळी सहाला डोंगरावर जाते, दुपारी येते. किती दिवस? तिनं बोटं मोजली नाहीत, सण मोजले: शिगम्याच्या आधीपासून ते थेट मे सरेपर्यंत. बी कोण विकतं? दुकानात मीच घालते, पैसे मात्र तो आणतो.

नियम असा आहे की मागच्या 365 दिवसांतला बराचसा काळ माणूस काय करत होतं ते मुख्य, आणि त्याखेरीज 30 दिवस किंवा जास्त केलेलं आर्थिक काम दुय्यम म्हणून धरायचं. म्हणजे या बाईला 92 लिहून पुढे जाणं चूक होतं. ती कामकरी होती. चार जास्तीचे प्रश्न विचारले म्हणून ती मोजली गेली. शेजारच्या घरात मी नसताना त्या मुलानं काय लिहिलं असेल, याचा विचार करून मला त्या रात्री झोप लागली नाही, असं म्हणणार नाही, लागली. पण दुसऱ्या दिवशी मी त्याला परत तिथं नेलं.

याच नियमातली गंमत पुढे आहे. आपल्या झाडाचा नारळ घरच्या वापरासाठी पाडला तरी ते काम धरतात. पण त्याच नारळाचं खोबरं वाळवून घरापुरतं तेल काढलं, तर ते धरत नाहीत, कारण घरच्या वापरासाठी केलेली प्रक्रिया व्याख्येत बसत नाही. झाडावरून खाली येईपर्यंत ते आर्थिक, स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडला की घरकाम. पावसाळ्याआधी पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून ठेवणाऱ्या गोव्यातल्या बायका सोलं वाळवतात, मिठात आंबे घालतात, सुकी मासळी साठवतात. ते सगळं उंबरठ्याच्या आतलं. ही रेघ कुणीतरी विचार करूनच ओढली आहे, तिच्यामागे कारणंही आहेत. पण ती रेघ आहे, हे तुमच्या विद्यार्थ्याला माहीत असतं का? त्याच्या प्रबंधात 'स्त्रियांचा श्रमसहभाग कमी' असं एक वाक्य असतं आणि खाली तक्ता असतो. तो तक्ता एका संवादातून आलाय, आणि संवाद कुणी, किती वेळ, कुणाच्या देखत केला यावर तो हलतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आणि चांगला आकडा कसा निघतो तेही याच विषयात दिसतं. 2019 साली देशभर पहिल्यांदा वेळवापराचं सर्वेक्षण झालं. त्यात 'काम करता का' असं विचारलंच नाही. काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत तुम्ही काय काय केलंत, ते अर्ध्या-अर्ध्या तासानं सांगा, असं विचारलं. म्हणजे मुळात माणसाकडून त्याच्या दिवसाची गोष्ट ऐकली, आणि मग ती मोजली. त्यातून आलं की पगाराशिवायच्या घरकामात 81.2 टक्के बायका भाग घेतात आणि 26.1 टक्के पुरुष. जे करतात त्यांत बायकांची दिवसाची सरासरी 299 मिनिटं, पुरुषांची 97. 'कांयच करिना' म्हणणाऱ्या बाईची जवळजवळ पाच तासांची ही पावती आहे. आता ही पद्धत गुणात्मक की संख्यात्मक, तुम्हीच ठरवा. मला ते ठरवावंसं वाटत नाही.

दुसरी गोष्ट नाजूक आहे, पण गोव्यात बसून मराठीत पत्र लिहायचं आणि ती टाळायची, हे बरं नाही. जनगणनेत गोव्यात मातृभाषा मराठी सांगणारे 2001 साली 22.6 टक्के होते. 2011 साली 10.9 टक्के. कोंकणी 57.1 वरून 66.1 वर गेली. दहा वर्षांत मराठी निम्म्याहून खाली. या आकड्यांवर दोन्ही बाजूंनी किती अग्रलेख झाले असतील ते सोडून देऊ. मी दोन्ही वेळा फॉर्म भरणारी होते, म्हणून दारात काय झालं तेवढं सांगते. (जनगणनेतली घरगुती माहिती गुप्त ठेवायची असते. म्हणून घराचा, गावाचा तपशील मी बदलला आहे. शब्द बदललेले नाहीत.)

एक आजोबा. सकाळी मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचणारे, एकादशीला देवळात अभंग म्हणणारे. मातृभाषेच्या रकान्याशी मी आले, तेव्हा ते म्हणाले, "घरांत आमी कोंकणी उलयतात, पूण आमची भास मराठी." आतून सुनेचा आवाज, "कोंकणी बरय गो टीचर!" म्हणजे कोंकणी लिही. आजोबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. सूचनापुस्तिका सांगते, लहानपणी आई ज्या भाषेत बोलायची ती मातृभाषा. आणि हेही सांगते की माणूस सांगेल ते लिहायचं, वाद घालायचा नाही. मी मराठी लिहिलं. दहा वर्षांनी त्या घरी गेले तेव्हा आजोबा नव्हते. मुलानं दार उघडलं, सगळ्यांचं कोंकणी सांगितलं, इतर भाषांत मराठी, इंग्रजी. भिंतीवर तोच पंढरीच्या विठोबाचा फोटो. कोपऱ्यात पेपरची तीच रद्दी. मला तरी त्या घरात कुणाची बोलण्याची भाषा बदललेली दिसली नाही. उत्तर देणारा बदलला होता.

आजोबांचं ते एक वाक्य कुठल्याही रकान्यात बसत नाही. गोव्यातल्या भाषावादाचं निम्मं सार त्या 'पूण'मध्ये आहे. तुमच्या एखाद्या विद्यार्थ्यानं अशा 'पूण' म्हणणाऱ्या तीस माणसांशी निवांत बोलून लिहिलं, तर तो प्रबंध मी विकत घेऊन वाचेन.

पण इथंच मला माझाही कान धरावा लागतो. आजोबांचं घर मला आठवतं, कारण ते गोड होतं. त्या एका घरावरून 'मराठीचा आकडा पडला तो उत्तर देणारे बदलल्यामुळे' असं म्हटलं, तर तीही गूगल फॉर्मइतकीच लबाडी होईल. किती घरांत असं झालं? किती घरांत बाहेरून नवी माणसं आली आणि टक्केवारीच हलली? किती घरांत खरोखरच पुढच्या पिढीची निष्ठा बदलली? याला मोजायलाच हवं, आणि नीट निवडलेल्या नमुन्यावर मोजायला हवं. गोष्टीनं मला कुठला प्रश्न विचारायचा ते कळलं. उत्तर तिच्याजवळ नव्हतं.

म्हणून 'गुणात्मक' असा शिक्का मारून येणाऱ्या प्रबंधांबद्दलही दोन शब्द. तुमच्यातले काही जण उलट टोकाला आहेत, मला माहीत आहे. तिथं आठ मुलाखती होतात, आठही जणींची ओळख सरपंचानं करून दिलेली असते, आणि किती दारं बंद राहिली हे कुठंच लिहिलेलं नसतं. गोव्यात हा बारीक मुद्दा नाही. आमच्याकडे कुलूप लागलेली घरं किती! मालक मुंबईत, आखातात, नाहीतर पोर्तुगीज पासपोर्टावर लंडनकडे. ज्यांचं स्थलांतर झालं तीच माणसं घरी नसतात, आणि आपण स्थलांतरावर मुलाखती घेतो घरी असणाऱ्यांच्या. भाषेचं आणखी वेगळं. बाई म्हणते, "हांव फाटीं उरलीं", मी मागे राहिले. प्रबंधात अवतरणचिन्हांत छापून येतं, 'मी सक्षमीकरणाच्या प्रक्रियेपासून वंचित राहिले.' अवतरणचिन्हं कशाला मग? मूळ कोंकणी वाक्य छापा, खाली अर्थ द्या. आपण देवनागरीतच लिहितो, कुणाची अडचण होणार आहे?

आकडेवाल्यांचे मंत्रही मी पाहिले आहेत. 384 हा त्यांतला मोठा. लोकसंख्या लाखांत असेल तर 384 माणसं पुरतात, असा 1970 सालचा एक तक्ता आहे, क्रेज्सी आणि मॉर्गन यांचा. जवळजवळ प्रत्येक प्रस्तावात तो येतो. तक्ता बरोबर आहे. पण तो म्हणतो की ही 384 माणसं चिठ्ठ्या टाकून निवडावीत, म्हणजे प्रत्येकाची निवड होण्याची शक्यता माहीत असावी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात उभं राहून जो थांबेल त्याला विचारलं, तर 384 काय नि 3,840 काय. आकडा वाढला की चूक कमी होत नाही, तीच चूक जास्त ठाम होते. आणि प्रश्नावलीचा अल्फा 0.7 च्या वर आला की सगळे सुटकेचा श्वास सोडतात. अल्फा इतकंच सांगतो की उत्तरं एकमेकांशी जुळतात. कंटाळून कुणी सगळीकडे 'सहमत' आणि कुणी सगळीकडे 'असहमत' टिचकवलं तरीही अल्फा छानच येतो हो!

'सहमत'वरून आठवलं. पाच पायऱ्यांची ती मोजपट्टी, पूर्णपणे सहमतपासून पूर्णपणे असहमतपर्यंत, लिकर्ट यांनी 1932 साली मांडली. ती घेऊन मी एकदा एका मासेविक्या बाईसमोर बसले. पंचायतीच्या कामाबद्दल तुम्ही समाधानी आहात का, एक ते पाच? ती म्हणाली, "सरपंच बरो मनीस. पूण रस्तो जालो ना." मी पुन्हा पाच पर्याय वाचून दाखवले. तिनं माझ्याकडे पाहिलं, टोपलीवरचं फडकं सारखं केलं आणि म्हणाली, "तुका जाय तें बरय." तुला हवं ते लिही. मी तीन लिहिलं. तीन म्हणजे तटस्थ. त्या बाईइतकी अतटस्थ बाई मी पाहिलेली नाही. पाहणीचा तक्ता छापून आला तेव्हा त्यात 'तटस्थ'चा खांब बराच उंच होता; त्यातला एक दगड माझ्या हातचा.

आणखी एक, आणि हे मुलींना पाठवणाऱ्या प्रत्येक मार्गदर्शकानं लक्षात घ्यावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरातल्या हिंसेचे प्रश्न घरातल्या एकाच स्त्रीला विचारतात, आणि तेही आडोसा असेल तरच. तिसरं माणूस ऐकण्याजोगं आलं आणि जागा मोकळी होईना, तर तो भाग सोडून द्यायचा असतो. एवढी मोठी, सहा लाखांवर घरांची संख्यात्मक पाहणी, तिचा तो अख्खा भाग एका बंद दारावर उभा आहे. आपली मुलं मात्र हाच प्रश्न गूगल फॉर्ममध्ये 'हो / नाही / सांगू इच्छित नाही' करून घरच्या मोबाईलवर पाठवतात. तो मोबाईल कुणाच्या हातात असतो?

या सगळ्यावर आपल्याच मातीतला एक माणूस कधीच काम करून गेला आहे, आणि त्याच्या नावानं पणजीत विचारमहोत्सव भरतो, विद्यापीठात सामाजिक शास्त्रांच्या विभागांना त्याचं नाव आहे. धर्मानंद कोसंबी सांखवाळचे. त्यांचा मुलगा दामोदर 1907 साली गोव्यातच जन्मला. पेशानं गणिती. प्राचीन नाण्यांकडे वळले तेव्हा त्यांनी नाण्यावरचं चित्र कुठल्या राजाचं यावर वाद घालत न बसता तराजू काढला. चलनात हिंडणारं नाणं झिजतं. जितकं जास्त हिंडलं तितकं हलकं. शेकडो आहत नाणी, म्हणजे ठसे मारलेली जुनी नाणी, एकेक करून तोलली, वजनांचा सांख्यिकी हिशेब मांडला, मागच्या बाजूच्या तपासणीच्या खुणा वाढत जातात तसं वजन कमी होतं हे दाखवलं, आणि त्यावरून नाण्यांचा काळाचा क्रम लावला. याहून कोरडं संख्यात्मक काम काय असेल?

आणि तेच कोसंबी हातात काठी घेऊन पुण्याभोवतीच्या टेकड्या तुडवत होते. शेंदूर फासलेल्या देवीच्या तांदळ्याजवळ, म्हणजे अनघड दगडाजवळ, थांबून गुराख्याला विचारत होते, ही कुणाची देवी, जत्रा कधी, बळी कुणाच्या मानाचा. जुन्या पाऊलवाटा, त्यांच्या कडेला सापडणारी बारीक दगडी हत्यारं आणि आज चालू असलेली पूजा, हे सगळं एकत्र ठेवून वाचत होते. पोथीत नसलेलं त्यांनी गुराख्याकडून घेतलं आणि गुराख्यापाशी नसलेलं तराजूतून काढलं. अभ्यासपद्धती एकत्र वापराव्यात, या विचारावर 1963 साली त्यांनी स्वतंत्र निबंधच लिहिला. आपण दरवर्षी त्यांच्या नावाच्या महोत्सवात टाळ्या वाजवतो आणि दुसऱ्या दिवशी वर्गात विचारतो, तुझं क्वालिटेटिव्ह की क्वांटिटेटिव्ह?

तेव्हा माझं मागणं सांगते. मोठं नाही.

विद्यार्थ्यानं प्रश्नावली करायच्या आधी निदान दहा दिवस नुसतं जाऊन बसावं, आणि त्या दहा दिवसांची वही तुम्ही वाचावी. प्रश्नावली त्यानंतर. भाचीच्या बाबतीत असं झालं असतं तर 'खाणबंदीनंतर उत्पन्न घटलं का, हो की नाही' या प्रश्नाऐवजी, ज्याला सगळे 'हो'च म्हणणार, तिनं विचारलं असतं: ट्रक कुणाच्या नावावर होता? हप्त्याची नोटीस कुणाच्या नावानं आली? हे प्रश्न शंभर नव्हे, एका पंचायतीतल्या ट्रकवाल्या घरांची यादी करून, तिच्यातून चिठ्ठ्या काढून साठ घरांत विचारता आले असते. आठवड्याचं काम. मग कळलं असतं, चौदांतलं जे दिसलं ते त्या चौदा घरांपुरतं की गावभर. आणि ज्या घराचं उत्तर सगळ्यांहून वेगळं, तिथं पुन्हा जाऊन बसायचं.

मुलाखती असोत की फॉर्म, किती दारं ठोठावली, किती उघडली, किती जणांनी नको म्हटलं, बोलताना शेजारी कोण बसलं होतं, हे अर्धं पान प्रत्येक लघुप्रबंधात सक्तीचं करा. गूगल फॉर्मला बंदी घाला असं मी म्हणत नाही; कॉलेजातल्या मुलांच्या मोबाईलच्या सवयींवर अभ्यास असेल तर खुशाल वापरा. म्हाताऱ्यांच्या एकटेपणावर तो वापरू नका. आणि कृपा करून 'निदान शंभर' हा आकडा टाकून द्या. तो कुठून आला, हे मी तुमच्यातल्या तिघांना विचारलं. तिघांनीही सांगितलं की त्यांच्या मार्गदर्शकांनी सांगितला होता.

शेवटचं मागणं जरा घाईचं आहे. 2011 नंतर रखडलेली जनगणना आता होते आहे. 1 मार्च 2027 ही तिची संदर्भ तारीख. या वेळी जातही विचारली जाणार आणि नोंदी मोबाईलवर होणार. माझ्यासारखे ज्यांनी कागदी फॉर्म भरले, त्यांतले बरेच प्रगणक निवृत्त झालेत, काही गेलेसुद्धा. कुठल्या प्रश्नाला लोक अडखळायचे, कुठं हसायचे, कुठं आत जाऊन विचारून यायचे, हे त्यांना माहीत आहे आणि ते कुठंही लिहिलेलं नाही. घरांची, माणसांची नावं न घेता त्यांच्याकडून हे काढून घेता येईल. तुमच्या दहा विद्यार्थ्यांनी एका सुट्टीत बारा तालुक्यांतल्या जुन्या शिक्षकांना गाठलं तरी पुष्कळ होईल. नवे आकडे आल्यावर, विशेषतः भाषेचे आणि जातीचे, ते वाचायला ही टिपणं लागतील. माझ्याजवळ तीन वह्या आहेत. त्यांत रकान्यात न बसलेलं लिहून ठेवत आले. कुणी आलं तर दाखवीन. सकाळच्या वेळी या, दुपारी मी झोपते.

भाचीची तोंडी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. 112 फॉर्मची वर्तुळं चौथ्या प्रकरणात, रंगीत छापली आहेत. त्या चौदा बायका शेवटी परिशिष्टात आहेत, बारीक टायपात, अकरा पानं. बाहेरून येणारे परीक्षक हे पत्र वाचत असतील तर त्यांना एवढीच विनंती, की वाचायला परिशिष्टापासून सुरुवात करावी.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
डिचोली, गोवा